पेढे दुसऱ्याचे, डबा अनंतभैयांचा

अनंतभैया लघाट्यांना कुणी काहीही सांगितलं की ते मान जराशी तिरकी करून ऐकून घेत आणि मग विचारत, "अच्छा. आणि त्याच्या आधी काय झालं होतं?"

पंखा बंद पडला म्हणा, मालक चिडले म्हणा, डब्यातली भाजी आंबली म्हणा, प्रश्न तोच. सुरुवातीला मला या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. आम्ही साताऱ्याकडची माणसं. पंखा बंद पडला की वायरमनला हाक मारतो, पंख्याची कुंडली मांडत बसत नाही.

माझ्या नवऱ्याची फौजेतली बदली झाशीजवळच्या बबीन्याला झाली, मुलगी शाळेला लागली आणि घरात बसून मला वेड लागायची पाळी आली, तेव्हा बिजौलीच्या एका खाजगी डेअरीत मला नोकरी मिळाली. आसपासच्या गावांतून दूध तिथे यायचं, थंड व्हायचं आणि टँकरने पुढे जायचं. टँकरांचे कागद करणं हे माझं काम. कंप्युटर अनंतभैयांच्या ताब्यात. पहिल्याच दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते, तर मागून एक बारीक, उंच, अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर मफलर गुंडाळलेला माणूस येऊन अदबीने उभा राहिला. माझं बोलणं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आपण मराठी का? मग चहा आमच्याकडे. ना नका म्हणू."

हेच अनंतभैया. त्यांचा कुणी पूर्वज फौजेच्या हिशेबाला म्हणून झाशीला आला आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली, पण कशी? वसुधावहिनी, म्हणजे त्यांची बायको, आमटी 'ओगराळ्याने' वाढायच्या. हा शब्द मी आजोळी ऐकून केव्हाच विसरले होते. आणि त्याच वाक्यात म्हणायच्या, "थोडी आणखी घे, शुभांगी, संकोच नको करू, बिलकुल." अनंतभैया स्वतः म्हणत, "आमची मराठी घरातली आहे, शुभांगीजी. बाहेर काढली की लाजते." त्यांची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. तिला मराठी समजे सगळी, पण उत्तर ती हिंदीतच देई. वयाने ते मला काकाच झाले असते, पण झाशीत सगळे त्यांना भैया म्हणत, म्हणून मीही भैयाच म्हणू लागले.

त्यांचं खरं काम काय आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले. डेअरीतला पगार ज्या कामाचा, ते वेगळं. खरं काम ते दुपारी डबा खाताना करत. डबा बरोबर असला तर.

एकदा मी विचारलंच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि समजावून सांगायला बसले. आपल्या प्लांटातलं प्रत्येक यंत्र दिवसभर बडबडत असतं. मी सुरू झालो, माझी वीज गेली, माझा पारा चढला. ही बडबड ओळीओळीने कंप्युटरात साठत जाते. तिला म्हणायचं लॉग. "आता या लाखो ओळी कोण वाचणार? वाचणाऱ्याला भोवळ येईल. म्हणून एक हत्यार आहे. ते ओळी वाचतं आणि त्यांची सांगड घालतं. बघा, गरौठ्याच्या संकलन केंद्रात वीज गेली, ही एक ओळ. ही बातमी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "गरौठ्यात वीज जायचीच."

"शाब्बास. पण वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाल्याची ओळ पाच मिनिटांत आली नाही, तर? ती बातमी! मग ते हत्यार मला हाक मारतं. एकट्या ओळीला अर्थ नसतो, शुभांगीजी. तिच्या मागेपुढे कोण उभं आहे ते बघायचं. आणि कोण यायला हवं होतं पण आलं नाही, तेही बघायचं."

ते हत्यार त्यांनी बनवलेलं नव्हतं. परदेशातल्या कुणा एका गृहस्थाने ते लिहून जगाला फुकट देऊन टाकलं होतं. अनंतभैया त्याचं पॅकेज करत. म्हणजे ते कुणालाही, कुठेही, एका हुकमात आपल्या कंप्युटरवर बसवता यावं, त्याला लागणाऱ्या बाकी गोष्टी आपोआप याव्यात, काढलं तर मागे कचरा राहू नये, अशी सगळी बांधाबांध. मूळ गृहस्थाने नवी आवृत्ती काढली की हे ती उतरवून घेत, आपल्या बांधणीत बसवत, तपासत, आपली सही करून पुढे पाठवत. जगभरची शेकडो माणसं अशी एकेक हत्यार सांभाळतात म्हणे, बिनपगारी. मला हे अजबच वाटलं.

"यात काय अजब? मिठाईच्या दुकानासारखं आहे," ते म्हणाले. "पेढे दुसऱ्याचे. डबा माझा."

"हो ना," वहिनी मला नंतर म्हणाल्या, "जगाचे डबे भरतात आणि स्वतःचा डबा रोज ओट्यावर विसरून जातात."

या डब्याचा त्यांना अभिमान मात्र होता. हत्याराबरोबर जी माहिती जाते, त्यात नमुन्यादाखल त्यांनी गरौठ्याच्या जनरेटरचा नियम घातला होता, गावाच्या नावासकट. "आता ब्राझीलमधला कुणी हे वाचतो, तेव्हा त्याला प्रश्न पडतो, हे गरौठा काय आहे!" एवढं सांगून ते स्वतःशीच बराच वेळ हसत राहिले.

पॅकेज बांधणाऱ्यांचा एक कायदा आहे. तो अनंतभैयांनी इतका मनावर घेतला होता की तो त्यांचा स्वभावच झाला होता. हत्यार बसवल्यावर माणूस त्याच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या हाताने काही बदल करतो. पुढे नवी आवृत्ती आली, तर तो बदल पुसायचा नाही. विचारायचं. माणूस काही बोलला नाही, तर त्याचं जुनंच ठेवायचं. "हाताने बदललंय म्हणजे त्यामागे माणूस आहे," ते म्हणत. "त्याला न विचारता पुसणं ही बदतमीजी."

एकदा आमचे मालक गुप्ताजी तणतणत आले. चिरगावच्या केंद्रातून पारा चढल्याची सूचना येईनाशी झाली होती. तिथल्या ऑपरेटरने, रामसेवकने, मर्यादाच वाढवून ठेवली होती. गुप्ताजी म्हणाले, "लघाटेजी, आप यहीं से बदल दीजिए। दो मिनट का काम है।"

"जी, दो मिनट का है," अनंतभैया म्हणाले, "पर उसने हाथ से बदला है।" आणि बस पकडून चिरगावला गेले. माझेही टँकरचे काही कागद तिथे अडकले होते, म्हणून मीही गेले. मला वाटलं, आता तिथे काहीतरी खोल तांत्रिक कारण निघणार. रामसेवकने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "भैयाजी, जा घंटी बजत है सो मोड़ा जग जात है।" म्हणजे घंटेने त्याचं तान्हं पोर उठायचं, म्हणून त्याने ती बंद केली होती. दूध नासलं तरी चालेल, पोर झोपलं पाहिजे!

मला हसू आवरेना. अनंतभैया हसले नाहीत. त्यांनी पोराचं नाव विचारलं, चहा घेतला आणि घंटा खोलीतून उचलून बाहेर व्हरांड्यात लावायची व्यवस्था केली. मग रामसेवकलाच कंप्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "अब तुम ही वापस करो। अपने हाथ से।" परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, एवढ्यासाठी अख्खा दिवस घालवलात. ते म्हणाले, "मी पुसलं असतं तर त्याने परत केलं असतं. त्याने पुसलंय, आता राहील." आणि राहिलं, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्या हत्याराचा दुसरा एक गुण होता, जो त्यांना सगळ्यात जास्त आवडायचा. एखादं यंत्र बिघडलं की तीच ओळ हजारदा ओरडत राहतं. हत्यार ती तक्रार एकदा सांगतं आणि पुढचा काही काळ तशीच ओळ आली तर दाबून टाकतं. नाहीतर माणूस त्या कलकलाटाने बहिरा व्हायचा. "एकदा कळलं की पुन्हा सांगू नये," हे अनंतभैयांचं आणखी एक वचन, आणि ते त्यांनी घरातही लागू केलं होतं. वहिनींनी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा काढली की ते हात वर करत, "नोंद झाली."

"नोंद झाली, पण काम कधी होणार?" वहिनी विचारायच्या.

"नोंद झाली!"

आम्ही या संवादावर किती हसलो असू. मी तर घरी जाऊन नवऱ्याला तसंच म्हणायला लागले होते.

मग तो दुधाच्या कॅनचा प्रसंग झाला. सकाळची वेळ. प्लांटच्या फाटकाशी डाव्या हाताला रिकामे कॅन रचलेले असत. अनंतभैया स्कूटरवरून आत आले आणि सरळ त्या ढिगात घुसले. कॅन गडगडत पार वजनकाट्यापर्यंत गेले. लागलं काही नाही, पण सगळा प्लांट गोळा झाला. अनंतभैया उठून, पँट झटकत, जरा चिडूनच म्हणाले, "इथे कॅन कुणी ठेवले?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कॅन तिथेच असत. मी आले त्या दिवसापासून तिथेच होते.

मला चेष्टा करायची हुक्की आली. त्यांच्यासारखी मान तिरकी करून मी म्हटलं, "अच्छा. आणि त्याच्या आधी काय झालं होतं?"

पोरं हसली. अनंतभैयांनीही हसायला तोंड उघडलं, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे बघत होते, पण लक्ष आत कुठेतरी लागलं होतं. ओठ हलल्यासारखे वाटले. "काही नाही," ते म्हणाले, "काहीच नाही," आणि स्कूटर ढकलत आत गेले. माझ्या चेष्टेतली गंमत तिथेच संपली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना न्यायला वहिनींनी मलाच बोलावलं, कारण माझ्याकडे गाडी होती आणि त्यांच्या हातात स्कूटर द्यायची वहिनींची छाती होईना. तिथे एक यंत्र असतं. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, समोर बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. बटणाचा आवाज फार कमी वेळा आला. मला वाटलं, यंत्र संथ आहे.

डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. काचबिंदू, म्हणाले. दोन्ही डोळे. कडेची नजर जवळपास गेलेली, मधली एक खिडकी उरलेली. "जो चला गया, अंकलजी, वह वापस नहीं आएगा। जो बचा है, उसे बचाने की कोशिश करेंगे।" मग त्यांनी विचारलं, "पहले कुछ महसूस नहीं हुआ? टकराना, ठोकर लगना, चाय गिरना?"

"नहीं," अनंतभैया म्हणाले.

"नहीं?" वहिनी म्हणाल्या. आणि मग थांबल्याच नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा लागत होता, गणपतीच्या वेळी मी म्हटलं होतं. चहा कपाबाहेर ओतत होतात, म्हटलं होतं. जिन्याची शेवटची पायरी चुकली, म्हटलं होतं. शेजारचे शर्माजी बाजूने नमस्कार करतात आणि तुम्ही बघत नाही, म्हणून ते रागावले, तेही म्हटलं होतं. "प्रत्येक वेळी म्हणालात, नोंद झाली. नोंद झाली! कुठे झाली?" असं म्हणून त्या डॉक्टरांसमोरच रडायला लागल्या.

अनंतभैयांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि जिथून उचलला तिथेच ठेवला.

गाडीत बसल्यावर, वहिनी औषधाच्या दुकानात गेलेल्या असताना, ते मला म्हणाले, "सगळ्या ओळी आल्या होत्या, शुभांगीजी. एकही चुकली नव्हती. चौकट, पायरी, चहा, शर्माजी. मीच दाबून टाकत होतो. एकदा कळलं की पुन्हा सांगू नये, हा नियम घरात मीच लावला." मग म्हणाले, "वसुधाची काही चूक नाही, हं. तिने घंटा वाजवली होती."

जन्मभर दुसऱ्यांच्या ओळींची सांगड घालणाऱ्या माणसाला स्वतःच्या चार ओळींची सांगड घालता आली नाही, आणि ते त्याला स्वतःलाच कळलं होतं. मी गाडीचा पंखा वाढवला.

त्यानंतर थेंब सुरू झाले, मग ऑपरेशन झालं, आणि खिडकी लहान होत राहिली. गुप्ताजी माणूस वाईट नव्हता. त्यांनी अनंतभैयांना घरूनच काम करायची मुभा दिली, पण हळूहळू एका कंपनीची तयार यंत्रणाही आणून बसवली. भिंतीवर मोठा रंगीत पडदा लागला. त्या पडद्याला आधी काय झालं होतं हे विचारता येत नसे.

घरी बसलेल्या अनंतभैयांना एकच ध्यास होता. ज्या भाषेत ते हत्यार लिहिलेलं होतं, त्या भाषेचीच नवी आवृत्ती आली होती आणि तिच्याबरोबर जुनं पॅकेज बांधलं जाईना. मूळ गृहस्थाने दुरुस्त केलेलं हत्यार बाहेर काढलं होतं, पण ते डब्यात बसवायला हवं होतं. पॅकेज बांधणाऱ्या त्या लोकांच्यात दर काही काळाने सगळी हत्यारं एकत्र करून एक मोठी आवृत्ती निघते. त्याआधी दारं बंद होतात. दार बंद व्हायच्या आत नवं पॅकेज गेलं नाही, तर ते हत्यार यादीतून वगळणार होते. "मला तेवढं एक करून द्यायचं आहे," ते म्हणाले. "डोळे संपायच्या आत. आणि मग कुणाच्या तरी हातात द्यायचं आहे."

कुणाच्या हातात, हा प्रश्न होता. त्यांनी त्या जगाच्या फळ्यावर लिहून टाकलं होतं, मला आता जमणार नाही, कुणी हे सांभाळायला घ्या. वर मागे लागून काही ओळखीच्यांना विचारलंही. एकाने फार छान उत्तर लिहिलं, तुमच्या पॅकेजमुळे आमचं काम किती सोपं झालं, तुमचे आभार, मला मात्र वेळ नाही. बाकीचे गप्प राहिले. मुलगी फोनवर म्हणाली, "पापा, मैं सीख लूँगी।" ते म्हणाले, "नको गं. तुम्हारा काम अलग है।" मला तर विचारण्यातही अर्थ नव्हता. मी टँकरचे कागद करणारी बाई.

पण मी वाचू शकत होते. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते पडद्यावर अक्षरं इतकी मोठी करत की एका वेळी दोनतीन शब्द मावत. ओळीचं टोक दिसेपर्यंत सुरुवात विसरायला होई. मग मी शेजारी बसून ओळ अख्खी वाचून दाखवायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. बैलाने पोथी ऐकावी तसं नव्हे, इथे बैलच पोथी वाचत होता.

"मोकळ्या जागाही वाचा," ते म्हणत.

"मोकळ्या जागा काय वाचायच्या?"

"त्याच महत्त्वाच्या. तिथे सही करायची ओळ असते ना, तिच्या सुरुवातीला एक मोकळी जागा. मग दोन आडव्या रेघा. नावानंतर दोन मोकळ्या जागा, मग तारीख. एक कमी-जास्त झाली तर डबा परत येतो."

आणि डबा परत येतच होता. एका जागी त्यांच्याकडून एक मोकळी जागा जास्त पडली होती. गेला महिनाभर ते ती शोधत होते. चांगल्या डोळ्यांनाही न दिसणारी गोष्ट हा माणूस उरलेल्या खिडकीतून शोधत होता. ती मला सापडली तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी वहिनींना हाक मारली. अनंतभैयांनी बोट ठेवून ती जागा पुसली. आनंदाने नाही. त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "अशी चूक मी कधी केली नव्हती," ते म्हणाले.

शेवटी एका रविवारी सगळं जुळलं. बांधणी झाली, तपासण्या पार पडल्या. त्यांनी मला आधी नमुन्याचा भाग वाचायला सांगितला, गरौठ्याचा जनरेटर जागेवर आहे ना? होता. मग फक्त एक बदल राहिला. पॅकेज कोण सांभाळतो, त्या ओळीत त्यांचं नाव होतं. ते काढून तिथे एका सामाईक गटाचं नाव घालायचं होतं, कारण दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं. आणि बदलांच्या नोंदीत तसं एका शब्दात लिहावं लागतं. तो शब्द त्या जगात ठरलेला आहे. अनाथ.

"असंच लिहितात?" मी विचारलं.

"असंच."

"तुम्ही असताना?"

"मी असताना," ते म्हणाले. मग त्यांनी मला लिहायला सांगितलं नाही. मी त्यांच्या हाताला अक्षरं दाखवू लागले तर ते म्हणाले, "राहू द्या. हे हाताने करतो." एकेक अक्षर खिडकीत आणत त्यांनी स्वतःचं नाव पुसलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत. सहीचा गुप्त शब्द द्यायची वेळ आली तेव्हा मी रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. त्यांची बोटं मात्र तिथे भराभर चालली. तेवढं त्यांना न बघताही येत होतं.

दार बंद व्हायच्या आत पॅकेज पोचलं. घेतलंही गेलं. "झालं," अनंतभैया म्हणाले, आणि लगेच विचारलं, "आता पुढची आवृत्ती कोण करेल?" वहिनी म्हणाल्या, "करेल कुणीतरी." मीही म्हटलं, करेल की. आम्हा दोघींनाही ते माहीत नव्हतं, आणि आम्ही खोटं बोलतोय हे त्यांना माहीत होतं. डॉक्टर 'कोशिश करेंगे' म्हणतात, तसंच आम्ही म्हणत होतो, एवढंच.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली आली. सामान बांधून झाल्यावर मी संध्याकाळी त्यांच्याकडे निरोप घ्यायला गेले. गाडी पुढे पाठवून दिली होती, म्हणून शेजारणीची स्कूटर घेतली. वहिनींनी ओटी भरली, वाटेसाठी दशम्या दिल्या, आणि डबा परत पाठवायची चिंता करू नको म्हणाल्या. अनंतभैया त्या दिवशी खुशीत होते. कुठल्याशा परक्या देशातून एकाने पत्र लिहून विचारलं होतं की हे गरौठा कुठे आहे. ते पत्र वहिनींनी त्यांना वाचून दाखवलं होतं. वहिनींना इंग्रजी बेताचंच. त्या मोकळ्या जागाही वाचत होत्या म्हणे.

"निघू नका म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण फाटकापर्यंत येतो."

वहिनींचा खांदा धरून ते आले. मी स्कूटर काढली, आणि बघते तर ते फाटकाच्या उजवीकडे, कडुनिंबाकडे तोंड करून उभे. "हेल्मेट घाला, शुभांगीजी," त्या झाडाला म्हणाले. "आणि पोचल्यावर फोन. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा करा. मी आता तो नियम काढून टाकलाय."

मी डावीकडे होते. मी तोंड उघडलं, तर त्यांच्या पाठीमागून वहिनींनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी स्कूटर बंदच ठेवली आणि आवाज न करता ढकलत कडुनिंबाखाली नेली. ते बघत होते तिथे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "येते, अनंतभैया."

त्यांचा चेहरा उजळला. "हां," ते म्हणाले, "दिसलात."

त्यांनी हात वर केला. मी स्कूटर सुरू केली आणि पहिल्याच वळशात त्यांच्या खिडकीतून बाहेर पडले असणार. कोपऱ्यावर आरशात पाहिलं, तर ते अजून त्या झाडाखालच्या जागेकडे बघून हात हलवत होते. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तो हात खाली घेतला नाही.